शाळेचा चार्ज कोणाकडे? शैक्षणिक नेतृत्व, लिंगभाव आणि सामाजिक न्याय यांच्या अभ्यासाची प्रस्तावना, रत्नागिरीतून

देवरुखच्या जोशी घरातल्या दोन बहिणींपासून या विषयात शिरता येते, आणि माझ्या मते तिथूनच शिरावे. थोरल्या गोदूबाई लहानपणीच विधवा झाल्या. धाकट्या पार्वतीबाई विसाव्या वर्षी, पदरात मूल असताना. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा गोदूबाई तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी ठरल्या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई झाल्या. बाया कर्वे म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पार्वतीबाई आठवल्यांनी पुनर्विवाह केला नाही. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो पुण्याजवळ हिंगण्याला नेला. पार्वतीबाई त्या कामात आल्या, अधीक्षिका झाल्या, आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडल्या. १९१८ मध्ये, पंचेचाळिशी उलटल्यावर, इंग्रजी शिकायला आणि निधी जमवायला त्या अमेरिकेला गेल्या. पोटासाठी तिथल्या घरांत त्यांनी घरकाम केले.

आनंदीबाईंना त्याच आश्रमात सुरुवातीची वर्षे जागा नव्हती. संस्था नवऱ्याने काढलेली, विधवांच्या शिक्षणाचा पहिला अनुभव स्वतःच्या गाठीशी, तरीही. पुनर्विवाहित बाईचा सहवास आश्रमातल्या मुलींना घडतो असे दिसले, तर मुली पाठवणारी घरे आणि देणगी देणारे हात दोन्ही मागे सरतील, ही धास्ती होती. पार्वतीबाई मात्र केशवपन केलेल्या, रूढीने नेमून दिलेल्या वेषातल्या विधवा म्हणून लोकांसमोर उभ्या राहात. त्यांच्याबद्दल कोणाला संशय घेता येत नव्हता. केशवपन त्यांनी पुढे स्वतःच्या विचाराने सोडले. पण ज्या काळात त्यांनी संस्थेचे नाव घरोघर पोचवले, त्या काळात समाजाने त्यांचे ऐकून घेतले ते या वेषामुळे, असे मला वाटते.

एका घरातल्या दोघी. कुवत दोघींची, कळकळ दोघींची. एकीला संस्थेत अधिकार मिळाला, दुसरीला उंबऱ्याबाहेर थांबावे लागले. शैक्षणिक नेतृत्वाच्या अभ्यासातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला इथे दिसतो. नेतृत्व कोणाला मिळाले, हे विचारणे सोपे आहे. शाळेच्या भिंतीवरच्या मुख्याध्यापकांच्या नावांच्या फलकावरून त्याचे उत्तर मिळते. ते कोणत्या अटीवर मिळाले, आणि ती अट कोणी घातली, हे विचारायला लागलो की खरा अभ्यास सुरू होतो. दोघींनी आत्मचरित्रे लिहिली आहेत, पार्वतीबाईंचे ‘माझी कहाणी’ आणि आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने ती एकापाठोपाठ एक वाचावीत अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एक वाचून थांबले तर चित्र अर्धे राहते.

कर्व्यांवर ठपका ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पुनर्विवाहानंतर मुरुडने, त्यांच्या स्वतःच्या गावाने, त्यांना वाळीत टाकले होते. ते सोसून ज्याने संस्था उभी केली, त्याने ती टिकावी म्हणून तडजोड केली. तिची किंमत मात्र त्यांच्या पत्नीने मोजली, आणि ती किंमत संस्थेच्या इतिहासात नोंदवली गेली पाहिजे. आणखी एक अट होतीच. हिंगण्याचा आश्रम आरंभी ब्राह्मण विधवांसाठी होता. ज्या बहुजन आणि दलित बायकांना वैधव्यानंतर शेतात, खळ्यावर, दुसऱ्याच्या घरी राबण्यावाचून गत्यंतर नव्हते, त्या या दारापर्यंत पोचल्याच नाहीत. कर्व्यांची दृष्टी पुढे रुंदावत गेली. १९३६ मध्ये खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ काढले, १९४४ मध्ये समता संघ स्थापन केला. वयाच्या ऐंशीनंतर समतेसाठी नवी संस्था काढणारा माणूस विरळा. तरीही, स्त्रीशिक्षणाच्या पहिल्या पिढीचे नेतृत्व एका जातीच्या चौकटीत घडले, ही गोष्ट त्यामुळे बदलत नाही.

१९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. त्याचे पहिले कुलपती रामकृष्ण गोपाळ भांडारकर, जन्म मालवणचा. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. पहिले कुलगुरू रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, दापोलीजवळच्या मुर्डीचे, केंब्रिजचे पहिले भारतीय सीनियर रँग्लर. संस्थापक स्वतः मुरुडचे. म्हणजे देशातल्या पहिल्या महिला विद्यापीठाच्या शिखरावर जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले तीन थोर पुरुष होते. कोकणाला याचा अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. पण स्त्रियांनी काय शिकावे हे ठरवणारे पुरुष होते, हेही त्याच अभिमानासोबत वाचावे लागते. अभ्यासक्रमात घरसंसाराला आणि आरोग्याला दिलेले स्थान, मातृभाषेचे माध्यम, जपानच्या महिला विद्यापीठावरून घेतलेली प्रेरणा, या सगळ्याला चांगली बाजू आहे. मातृभाषेचा निर्णय तर मला आजही दूरदृष्टीचा वाटतो. त्या निर्णयाच्या बैठकीत किती स्त्रिया बोलल्या, हा प्रश्न मात्र अभ्यासकाने सोडू नये.

याला उत्तर म्हणून कोणी म्हणेल, तेव्हा असा विचार करणाऱ्या स्त्रियाच कुठे होत्या? होत्या. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगासमोर पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली. मुलींच्या शाळांत शिक्षिका हव्यात इतकेच त्या म्हणाल्या नाहीत. शाळांची तपासणी करणाऱ्याही स्त्रिया हव्यात, असे त्यांनी मांडले. वर्गात शिकवणे आणि शाळेवर देखरेख करणे यांतला फरक त्यांना नीट ठाऊक होता. बाईला वर्ग द्यायला समाज लवकर तयार होतो. शेरा मारायचा अधिकार द्यायला होत नाही. त्याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन ठेवले आणि प्राथमिक शाळांतले शिक्षक शेतकरी, कष्टकरी जातींतून यावेत असा आग्रह धरला. एकाच वर्षी, एकाच आयोगापुढे, एकीने लिंगाच्या बाजूने आणि एकाने जातीच्या बाजूने शाळेच्या अधिकारपदाला हात घातला. हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, तर या अभ्यासक्षेत्राचा पाया मराठी मुलखात केव्हाच घातला गेला होता, याची खात्री पटते.

पाश्चात्त्य विद्यापीठांत हे क्षेत्र रीतसर उभे राहिले ते बऱ्याच उशिरा. एला फ्लॅग यंग १९०९ मध्ये शिकागोच्या शाळांच्या प्रमुख झाल्या. अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या शहराच्या शाळांची सूत्रे पहिल्यांदाच एका स्त्रीच्या हाती आली होती. पण शाळेच्या प्रशासनाचे सिद्धांतच पुरुषांच्या अनुभवावर बेतले आहेत, हे चॅरोल शेकशाफ्ट यांनी सविस्तर मांडले ते १९८७ मध्ये. ऑस्ट्रेलियातल्या जिल ब्लॅकमोर यांनी १९९९ च्या पुस्तकात त्यापुढचे पाऊल टाकले. स्त्रिया नेतृत्वात आल्या की आपोआप सारे बदलते, या समजुतीलाच त्यांनी प्रश्न केले. हे ग्रंथ जरूर वाचावेत. मात्र ते रत्नागिरीच्या शाळेवर जसेच्या तसे बसणार नाहीत. जात, वाडी, खोतीचा इतिहास आणि मुंबईला गेलेली पुरुषमाणसे, यांतले काहीच त्यांत नाही. आपल्याकडच्या मांडणीसाठी शर्मिला रेगे यांचे जात आणि लिंगभाव एकत्र वाचायला शिकवणारे लेखन, आणि शैलजा पाईक यांचा दलित स्त्रियांच्या शिक्षणावरचा २०१४ चा ग्रंथ, हे जास्त जवळचे सोबती आहेत. दलित मुलीला शाळेत दुहेरी भेदभाव सोसावा लागतो, हे पाईक यांनी कागदपत्रांतून आणि बायकांच्या तोंडून ऐकून दाखवले आहे.

जातीचा हा धागा पकडायला जिल्ह्याबाहेर जायला नको. मुरुडपासून दापोली काही कोसांवर. ज्या काळात मुरुड कर्व्यांना वाळीत टाकत होते, त्याच सुमारास दापोलीत निवृत्त महार सैनिकांची वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकर त्यांच्यातलेच. फुल्यांच्या विचारांचा हा माणूस. १८८८ मध्ये त्यांनी विटाळाच्या कल्पनेचे खंडन करणारी पुस्तिका लिहिली आणि त्याच सुमारास अनार्य दोषपरिहार मंडळी उभी केली. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, लष्करी शाळेत सुमारे १४ वर्षे हेडमास्तर होते. लष्करातल्या माणसांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, तिथे शिक्षण मिळे. ज्या जातीच्या मुलाला गावच्या शाळेत ओट्यावर बसायलाही झगडावे लागे, त्या जातीचा माणूस छावणीच्या शाळेचा प्रमुख होता. ही संधी लष्कराने दिलेली होती आणि लष्करानेच ती काढून घेतली. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबली आणि अधिकारपदाची ती वाट बंद झाली. रामजी सकपाळांकडे आपण बाबासाहेबांचे वडील म्हणून पाहतो. शैक्षणिक नेतृत्वाच्या इतिहासात त्यांना मुख्याध्यापक म्हणून स्वतंत्र जागा हवी.

पुढची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते ती शाळेत एकत्र बसण्याची. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असे मुंबईच्या कायदेमंडळाने म्हटले. रत्नागिरीतल्या स्थानबद्धतेच्या काळात, १९२४ ते १९३७ दरम्यान, सावरकरांनी शाळांत मुलांना सरमिसळ बसवण्यासाठी मोहीम केली. बसण्याची जागा बदलणे ही लहान गोष्ट नव्हती. पण वर्गात कोण कुठे बसते हे बदलले, तरी वर्ग कोणाच्या हुकमतीखाली चालतो हे तेवढ्याने बदलत नाही. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ या आत्मचरित्रात याचा पुरावा आहे. १९४५ मध्ये फणसवळ्यात जन्मलेल्या या लेखिकेच्या शाळेत सगळी मुले एकत्र बसत असतील, पण शेण उचलायचे काम गुरुजींनी सांगितले ते तिला. तिने नाकारले, तेव्हा गुरुजींनी तिला मारले.

त्यानंतर जे घडले ते मला या क्षेत्रातले मूळ प्रकरण वाटते. मुलीची आई विधवा, आयदाने म्हणजे बांबूच्या वस्तू विणून घर चालवणारी. वडील शिक्षक होते, मुलांनी शिकावे हा त्यांचा ध्यास होता, आणि तो ध्यास त्या बाईने मागे चालवला. तिने गुरुजींना वाटेत अडवले आणि जाब विचारला. तिच्याकडे कोणते पद नव्हते, कोणत्या समितीवर ती नव्हती, अक्षरओळखही नव्हती. शाळेला उत्तरदायी धरणारी त्या दिवशी ती एकटी होती, आणि शाळेचे वागणे त्यामुळे बदलले. नेतृत्वाची व्याख्या पदापाशी सुरू होऊन पदापाशीच संपत असेल, तर ही बाई त्यात कुठेच सापडणार नाही. म्हणून व्याख्या मोठी करायला हवी. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखतींतून ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध केले. वसतिगृहे, महिला मंडळे आणि सभा चालवणाऱ्या अशा बायकांचे ते दालन आहे. संशोधनाची पद्धत शिकण्यासाठीही ते वाचावे.

आता आजच्या शाळेकडे येतो. रत्नागिरी जिल्ह्यात घाटी, वहाळ आणि खाड्यांनी तोडलेल्या वाड्या. प्रत्येक वाडीला आपली शाळा, पट पंधरा-वीस, कधी त्याहून कमी. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीप्रमाणे प्राथमिक शाळेत स्वतंत्र मुख्याध्यापक मिळायला पट १५० च्या वर हवा. उच्च प्राथमिकसाठी १०० च्या वर. कोकणातल्या वाडीच्या शाळेला हे आकडे स्वप्नातही गाठता येत नाहीत. म्हणून दोनशिक्षकी शाळेत दोघांपैकी ज्येष्ठ असेल त्याच्याकडे किंवा तिच्याकडे ‘चार्ज’ येतो. पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, केंद्रप्रमुखांच्या बैठका, गटशिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र, छप्पर गळले तर ग्रामपंचायतीत खेटे, आणि हे सगळे दोन-तीन इयत्ता एकत्र शिकवता शिकवता. काम मुख्याध्यापकाचे, पद मात्र शिक्षकाचे. मोठ्या बाई म्हणून गाव हाक मारते, पण सेवापुस्तकात तसे काही नसते. नेतृत्वाच्या पाठ्यपुस्तकांत या माणसांविषयी मला क्वचितच काही सापडते, आणि आपल्या जिल्ह्यात तर शाळा चालवणारी बहुतेक माणसे हीच आहेत. माझ्या दृष्टीने या विषयावरचे पहिले मोठे संशोधन प्रभारी बाईंवर झाले पाहिजे.

त्यात ज्येष्ठतेचा पेच आहे. पदोन्नती सेवाज्येष्ठतेवर होते आणि आंतरजिल्हा बदलीने येणारा शिक्षक नव्या जिल्ह्याच्या यादीत तळाला जातो. नियम सगळ्यांना सारखाच लागू आहे. पण लग्नानंतर सासरच्या किंवा नवऱ्याच्या नोकरीच्या जिल्ह्यात बदली मागायची वेळ बहुधा बाईवर येते. ती बदली घेते त्या दिवशी तिची मागची वर्षे ज्येष्ठतेच्या यादीतून गळून पडतात. पुढे कधी पदोन्नती आली तर ती दूरच्या, अवघड क्षेत्रातल्या शाळेवर. म्हातारी सासू, शाळेत जाणारी मुले, दिवसातून दोनच एसटी. ती पदोन्नती नाकारते आणि कार्यालयात नोंद होते की संबंधित शिक्षिका इच्छुक नाहीत. ही नोंद वाचून ‘बायकांना जबाबदारी नको असते’ असा निष्कर्ष काढणारे मी पाहिले आहेत. अभ्यासकाचे काम त्या नोंदीच्या मागे जाण्याचे आहे. नकार कोणी दिला, यापेक्षा नकाराखेरीज तिच्यासमोर दुसरे काय होते, ते विचारावे.

जातीचे प्रश्न इथे अधिक अवघड होतात, कारण त्यांविषयी कोणी उघड बोलत नाही. बौद्ध शिक्षिकेकडे गावातल्या मुख्य वाडीच्या शाळेचा चार्ज आला, तर पालकसभा कशी भरते? पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंच्या निवडीत कोणाचा शब्द चालतो? मोहल्ल्यातल्या उर्दू माध्यमाच्या शाळेतल्या शिक्षिकेला तालुक्याच्या बैठकीत किती वेळा विचारले जाते? आकडे मागून याची उत्तरे मिळणार नाहीत. त्यासाठी शाळेत बसावे लागते, पुन्हा पुन्हा जावे लागते, विश्वास कमवावा लागतो. संशोधक स्वतः कोणत्या वाडीतून आला आहे, हे गावाला पहिल्या पाच मिनिटांत कळते, आणि त्यानुसारच गाव बोलते. आपल्याला मिळालेल्या उत्तरात आपल्या आडनावाचा वाटा किती, हे संशोधकाने प्रबंधात लिहावे.

कागदांचेही सांगतो, कारण नवे अभ्यासक सरळ मुलाखतींकडे धावतात. जुन्या शाळांत शेरेबुक असते. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने काय पाहिले, कोणाची वाखाणणी केली, कोणाला समज दिली, हे सारे त्याच्या हस्ताक्षरात असते. स्त्री शिक्षकांना दिलेले शेरे आणि पुरुष शिक्षकांना दिलेले शेरे वेगवेगळे काढून वाचा. जनरल रजिस्टरात कोणत्या वर्षी कोणत्या वाडीतली पहिली मुलगी दाखल झाली आणि कोणत्या इयत्तेतून तिचे नाव कमी झाले, ते दिसते. आणि शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त. कायद्याने या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात, दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. कायदा चांगला आहे आणि त्याने वाडीतल्या बायकांना शाळेच्या कामात हक्काची खुर्ची दिली. इतिवृत्तात ठराव कोणी मांडला आणि अनुमोदन कोणी दिले, एवढे वर्षावर्षाने मोजत गेले तरी चांगला प्रबंध होईल. सह्या आहेत पण सूचक म्हणून एकाही बाईचे नाव नाही, असे वर्ष सापडले तर तिथे थांबा. एखाद्या वर्षापासून नावे दिसू लागली असतील, तर तिथे जास्त वेळ थांबा. त्या वर्षी काय घडले, ते शोधण्यासारखे आहे.

कोकणाचा एक विशेष प्रश्न अजून कोणी नीट हाती घेतलेला मला दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर १,००० पुरुषांमागे १,१०० हून अधिक स्त्रिया होत्या. राज्याचे प्रमाण ९२९ होते. याचे मुख्य कारण पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जाणारा चाकरमानी. गावात शेती, गुरे, म्हातारी माणसे आणि मुलांची शाळा बाईच सांभाळते. पण अनेक गावांची, या चाकरमान्यांनी चालवलेली मंडळे मुंबईत आहेत. शाळेला रंग द्यायचा, संगणक घ्यायचा, इमारतीचा वर्गणीफंड काढायचा, असे निर्णय लालबाग-परळच्या किंवा आता नालासोपारा-विरारच्या बैठकीत होतात आणि त्या बैठकीला पुरुष असतात. मंडळांनी गावच्या शाळांवर केलेला खर्च आणि लावलेला जीव दोन्ही मोठे आहेत, त्याबद्दल कृतज्ञता हवीच. तरी कायद्याने नेमलेली समिती गावात आणि पैशाचा निर्णय मुंबईत, अशा स्थितीत समितीच्या अध्यक्षबाईंचा अधिकार नेमका कुठवर पोचतो, हे तपासायला हवे. त्यासाठी दोन ठिकाणी काम करावे लागेल. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी गावी असतो, तेव्हा गावात. आणि वर्षाच्या उरलेल्या काळात मुंबईतल्या मंडळांच्या बैठकांत. ज्यांना हे काम करायचे आहे, त्यांनी मंडळांचे जुने हिशेब आणि अहवाल आधी मिळवावेत. ते बहुतेक ठिकाणी एखाद्या सचिवाच्या घरच्या पेटीत असतात, आणि विचारले तर लोक ते आनंदाने काढून देतात.